घरून रेडिओसाठी लिहिताना सुचेनासं झालं तर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिचोली तालुक्यातल्या एका गावात राहून मी मराठी रेडिओसाठी लिहिते, आवाजही देते. स्टेशन दूर, सहकारी फोनवर आणि श्रोते त्याहून लांब. अशाच पद्धतीने काम करणारी बरीच मंडळी आता गोव्यात आहेत. त्यातली नवी मुलं-मुली आणि काही जुने सोबती जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. काही लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं जास्त आहे.

स्टुडिओत भराभर सुचायचं. घरून काम सुरू केल्यापासून डोकं कोरं. असं का होतं?

स्टुडिओत तुम्ही दिवसभर ऐकत असता, म्हणून. चहाच्या टपरीवर सेल्सवाल्याची कुरकुर, लिफ्टमधलं अर्धवट संभाषण, काचेपलीकडे बसलेल्या रेकॉर्डिस्टचं हसू आणि कधी त्याचं न हसणं. यातलं काही तुम्ही मुद्दाम गोळा करत नव्हता, तरी पुढच्या लिंकमध्ये, म्हणजे दोन गाण्यांमधल्या बोलण्यात, ते उतरायचं. घरी आल्यावर कानांचं काम डोळ्यांकडे गेलं. सकाळी उठायचं, बातम्या चाळायच्या, काय व्हायरल झालंय ते बघायचं आणि त्यावर चार ओळी लिहायच्या. तीच बातमी त्याच सकाळी बाकीच्या आरजेंनीही उघडलेली असते. मग सगळ्या स्टेशनांवर एकच विनोद फिरतो आणि आपल्याला वाटतं की आपलं सुचणं आटलं. सुचणं जागेवरच असतं. त्याला खायला मिळेनासं झालेलं असतं.

रेडिओसाठी लिहिण्याचं खाद्य कानातून येतं. पुढच्या बहुतेक उत्तरांत मी हेच वेगवेगळ्या बाजूंनी सांगणार आहे.

मग रोज नेमकं काय करायचं? वेळ तर मिळत नाही.

एक जागा ठरवा, एक वेळ ठरवा आणि पंधरा मिनिटं नुसतं ऐका. पायरीवर, सोप्यावर, बसथांब्यावर, कुठेही. फोन खिशात ठेवा. सुरुवातीला रेकॉर्डिंग मुळीच करू नका, कारण रेकॉर्डिंग सुरू झालं की कान निर्धास्त होतो आणि ऐकणं थांबतं. त्याऐवजी वही घ्या आणि ऐकलेलं क्रियापदांत लिहा. 'बाजाराचा गोंगाट' हे लिहून काही हाती लागत नाही. काय घासलं, काय आपटलं, कोण खाकरलं, कोणी हाक अर्धी सोडली, हे लिहा.

आमच्या वाड्यावर सकाळी पोदेर पाव विकायला येतो. सायकलचा भोंगा पहिल्यांदा वळणापलीकडून ऐकू येतो, दुसऱ्यांदा आंब्याच्या झाडापाशी. मग ब्रेकची किरकिर. टोपलीवरचं निळं प्लास्टिक दुमडल्याची करकर. पावात पोळी की उंडो, एवढीच विचारणा. नाणी डब्यात पडतात, स्टँड वर उडतो, चेन पुन्हा खडखडते. एवढं वहीत लिहून झालं तेव्हा माझ्या लक्षात आलं की शेजारच्या आजींच्या दाराची कडी रोज पहिल्या भोंग्याच्या आधीच वाजते. त्यांना भोंग्याची गरजच नाही. पोदेराची वेळ त्यांच्या अंगात मुरली आहे.

लिंक त्या कडीतून निघाली. कोणाच्या येण्याची चाहूल तुम्हाला बेल वाजण्याआधीच लागते, असा प्रश्न मी श्रोत्यांना विचारला. गोव्याचा पाव त्यात दोन वाक्यांपुरता होता. उत्तरं आली ती रात्रपाळीहून परतणाऱ्या नवऱ्यांची, शाळेच्या व्हॅनची, जिन्यावरच्या चपलांची. ही लिंक कुठलंही बातमीपत्र चाळून मला मिळाली नसती.

मी गोव्यात राहतो, श्रोते पुण्या-मुंबईचे आहेत. गोवा किती आणावा?

जेवढा तुमच्या रोजच्या जगण्यात आहे तेवढा. पर्यटकांचा गोवा श्रोत्याने आधीच हजारदा ऐकला आहे : किनारा, काजूची फेणी, सुशेगाद. ते शब्द कानावर पडले की त्याचं लक्ष उडतं, कारण पुढे काय येणार ते त्याला माहीत असतं. उलट म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिरच्या मोजणारी बाई गिऱ्हाइकाशी कशी बोलते, दिवाडीच्या फेरीबोटीचा लोखंडी फाळका धक्क्यावर आपटला की सगळे स्कूटरवाले एकदम गाड्या कशा सुरू करतात, साखळीच्या बसमधला कंडक्टर थांब्यांची नावं कोणत्या ठेक्यात घेतो, हे त्याने ऐकलेलं नसतं. आणि तरी ते त्याला ओळखीचं वाटतं, कारण त्याच्याही गावात बाई, बस आणि कंडक्टर आहेत.

स्थानिक शब्द वापरायला घाबरू नका. 'पोदेर' म्हटलंत की पुढच्याच वाक्यात त्याला पाव विकताना दाखवा, अर्थ आपोआप पोचतो. थांबून व्याख्या सांगितलीत तर रेडिओचा ओघ तुटतो.

निदान समुद्राचा आवाज तरी वापरावा ना? तो तर दाराशीच आहे.

लाटांचं साधं रेकॉर्डिंग रेडिओवर नुसती खरखर म्हणून ऐकू येतं. श्रोत्याला कळत नाही की हा समुद्र आहे, पाऊस आहे की स्टेशन नीट लागलेलं नाही. पाण्याचा आवाज हवा असेल तर पाणी कशाला तरी भिडतं तिथे जा. बांधून ठेवलेल्या होडीच्या फळीवर पाणी थापट्या मारतं, लाट परतताना शंख-शिंपले खळाळत मागे ओढले जातात, खाडीच्या मानशीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, भरती-ओहोटीचं पाणी घुसतं. हे आवाज जवळून घ्या. एका थापटीत होडी दिसते, भर समुद्राच्या पाच मिनिटांतही दिसत नाही.

पावसाळ्यात घराबाहेर पडता येत नाही, वीज जाते, मन मरगळतं. त्या चार महिन्यांत काय करायचं?

माझ्या मते आपल्या कामासाठी हे वर्षातले सगळ्यांत भरलेले महिने आहेत. गोव्यात मोसमी पाऊस साधारण ५ जूनच्या आसपास पोचतो आणि वर्षभराच्या सुमारे ३००० मिलिमीटर पावसातला बहुतेक सप्टेंबरपर्यंत पडून जातो. एवढा पाऊस एकाच आवाजात पडणं शक्य नाही. घराच्या वेगवेगळ्या खोल्यांत उभं राहून ऐका. मंगळुरी कौलांवर तो घुमतो, पत्र्यावर बोलणं बंद पाडतो, केळीच्या पानावर टपटपतो, माडाच्या झावळीवरून एका धारेत उतरतो आणि पागोळ्या खालच्या पातेल्यात पडतात तेव्हा पातेलं भरत जाईल तसा त्यांचा सूर चढतो. हा चढणारा सूर मी एका श्रुतिकेत वेळ सरल्याची खूण म्हणून वापरला होता. निवेदकाला 'दोन तासांनंतर' म्हणावंच लागलं नाही.

पाऊस पडत असतानापेक्षा तो थांबल्यानंतरची दहा मिनिटं जास्त ऐका. बेडूक सुरू होतात, कोणीतरी अंगणात पाय ठेवतं, दूरच्या घरातला टीव्ही अचानक कानावर येतो. सत्तरीकडे किंवा चोर्ला घाटाच्या पायथ्याशी कोणी ओळखीचं असेल तर मुक्कामाला जा. जून-जुलैत पहाटेच्या अंधारात शीळकरी कस्तुर हा पक्षी गातो. पोरगा रस्त्याने वाट चुकून शीळ घालत चाललाय असं वाटतं. चाल सुरू करतो, मध्येच सोडतो, पुन्हा दुसरीकडून धरतो. निवेदनात वाक्य कुठे अर्धवट सोडावं हे मी त्याच्याकडून ऐकत आले आहे.

आणि बंदराचा आवाज बदलतो तोही टिपा. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरच्या मासेमारीला बंदी असते. मांडवीकाठी माळीमच्या जेटीवर एरवी इंजिनं, बर्फ फोडण्याचे घाव, क्रेट ओढल्याची घसघस आणि लिलावाचा आरडाओरडा असतो. बंदीत तिथे जाळी विणणाऱ्यांच्या गप्पा ऐकू येतात, कारण त्या ऐकू येण्याइतकी शांतता असते. १ ऑगस्टला इंजिनं परत सुरू होतात. या दोन दिवसांतलं अंतर एवढ्या एका विषयावर अर्ध्या तासाचा कार्यक्रम सहज उभा राहतो. त्यात मासळीचे भाव आणि घरातला सुक्या बांगड्याचा डबा आपोआप येतात.

विजेचं म्हणाल तर रेकॉर्डिंग सकाळी उरकून घ्या, स्क्रिप्टच्या प्रती कागदावर ठेवा, माइक आणि रेकॉर्डर सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा. दमट हवेने माइक करकरायला लागतो.

शिगमो, घुमट आरती, जागर हे सगळं आसपास आहे. रेकॉर्ड करून वापरलं तर चालेल का?

आधी माणसांना विचारा. मांडावर, म्हणजे गावाच्या ठरलेल्या पवित्र जागेवर, खेळ होतो तो देवासाठी आणि गावासाठी. तिथे फोन उंचावून उभं राहणं हा विचारण्याचा प्रकार नव्हे. आदल्या दिवशी जा, मेळातल्या जाणत्या काकांना किंवा गावकार मंडळींना भेटा, कुठे वाजणार, किती वाजणार, कुठला भाग रेकॉर्ड करायचा नाही, ते विचारून घ्या. नंतर कार्यक्रम वाजला की त्यांना दुवा पाठवा, आणि शक्य असेल तर सोबत बसून ऐकवा. माझ्या अनुभवात त्या ऐकण्याच्या बैठकीत जे बोलणं होतं ते मूळ रेकॉर्डिंगपेक्षाही मोलाचं असतं.

आता प्रेरणेबद्दल. वाजवणं सुरू झाल्यावर सगळेच रेकॉर्ड करतात. तुम्ही त्याआधी पोचा. घुमट म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडं मातीचं भांडं, एका तोंडावर चामडं ताणलेलं. पूर्वी घोरपडीचं कातडं वापरत. वन्यजीव कायद्याने त्यावर बंदी आल्यावर बकरीचं आलं, आणि २०१९ मध्ये राज्य सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली. ही माहिती तुम्ही निवेदनात कोरडी वाचून दाखवलीत तर श्रोता चहा करायला उठेल. चतुर्थीच्या संध्याकाळी आरतीआधी एखादा दादा घुमट शेकायला बसतो. दमट हवेने सैल पडलेलं चामडं तापतं तसा बोटाखालचा आवाज घट्ट होत जातो. तो मध्ये मध्ये टिचकी मारून बघतो, नाक मुरडतो, पुन्हा शेकतो. एवढंच जवळून रेकॉर्ड करा आणि त्याला विचारा, 'दादा, आता झालं हे कसं कळतं?' जुनं कातडं, नवं कातडं, आजोबांचं घुमट, मातीची पारख, सगळं त्याच्याच तोंडून येईल.

आरती सुरू झाल्यावर मात्र माइक खोलीबाहेर न्या. घुमट, शामेळ आणि कांसाळ्यांचा छोट्या खोलीतला आवाज जवळच्या माइकला झेपत नाही, तो फाटतो. दारातून किंवा ओसरीवरून घेतलेल्या आवाजात खोली आणि माणसं दोन्ही येतात.

रेडिओचा जुना इतिहास वाचून काही फायदा होतो का?

होतो, आणि गोव्यात बसून काम करणाऱ्याला तर फारच. पोर्तुगीज राजवटीत १९४६ मध्ये 'एमिसोरा द गोवा' हे केंद्र सुरू झालं. मुक्तीनंतर ते आकाशवाणीकडे आलं. पण मी सांगते आहे ती गोष्ट त्याच्या विरुद्ध बाजूची. २५ नोव्हेंबर १९५५ पासून एक भूमिगत केंद्र सरहद्दीपलीकडच्या जंगलातून बोलू लागलं. आधी आंबोलीकडून, मग कॅसलरॉकजवळून. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे दोन तरुण ते चालवत. बातम्या जमवायच्या, कोकणी आणि पोर्तुगीजमध्ये मजकूर लिहायचा, स्वतःच वाचायचा, आणि हे डिसेंबर १९६१ पर्यंत, सहा वर्षं. सैन्याच्या कारवाईत १८ डिसेंबरला बांबोळीचं वायरलेस स्टेशन निकामी झालं. दुसऱ्या दिवशी या दोघांनी विमानातून, ध्वनिक्षेपकावरून गोवा मुक्त झाल्याची बातमी लोकांना ऐकवली. पुढे त्यांनी लग्न केलं. लिबिया लोबो सरदेसाई यांना २०२५ मध्ये, वयाच्या शंभरीत, पद्मश्री जाहीर झाली.

दूर बसून रेडिओ करण्याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही. त्यांच्याकडे सहकाऱ्यांची गजबज नव्हती, श्रोत्यांचे फोन नव्हते, ऐकणाऱ्याला ऐकल्याबद्दल पकडलं जाण्याची भीती होती. तरी लिहायला रोज काहीतरी होतं, कारण पलीकडे कोण ऐकतंय आणि त्याला आज काय कळायला हवं याची त्यांना पक्की जाण होती. डोकं कोरं पडलं की मी 'काय लिहू' हा प्रश्न बाजूला ठेवते आणि 'आज कोणाला काय कळायला हवं' हा धरते. काम तिथून पुढे सरकतं.

पाटो, पणजी इथल्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात या काळाबद्दल वाचायला पुष्कळ आहे. ग्रंथालयाची मुळं १८३२ पर्यंत जातात. घरी काम होत नसेल त्या दिवशी तिथे जाऊन बसा. जुन्या वर्तमानपत्रांतल्या छोट्या जाहिराती वाचा : हरवलं-सापडलं, बोटीची वेळापत्रकं, नाटकांची निमंत्रणं. मथळ्यांपेक्षा त्यांत जास्त गोष्टी असतात.

माझ्या मराठीत कोकणीचा हेल आहे. रेडिओसाठी तो काढून टाकावा का?

नको. उच्चार स्पष्ट हवेत, जोडाक्षरं गिळायची नाहीत, 'न' आणि 'ण' वेगळे ऐकू यायला हवेत. त्यासाठी रोज मोठ्याने वाचा. हेल मात्र तुमच्या गावाचा पत्ता आहे. तो घासून पुसून टाकलात की आवाज कुठल्याही स्टेशनवरच्या कुठल्याही आवाजासारखा होतो. पेडण्याच्या दशावतारी नटांची मराठी ऐका. संहिता हातात नसताना रात्रभर उभ्या उभ्या संवाद रचतात आणि हेल तर जागच्या जागी. एखाद्या निर्मात्याने हेलाबद्दल तक्रार केली तर त्याला विचारा की नेमका कुठला शब्द समजला नाही. समजला नसेल तो शब्द सुधारा. बाकी राहू द्या.

दुरून घेतलेल्या मुलाखती निर्जीव वाटतात. काय चुकतं?

आपण समोर नसलो की माणूस भाषण देऊ लागतो. तयार उत्तरं, मोठी वाक्यं, 'मी सर्वप्रथम आभार मानू इच्छितो'. त्याला त्याच्या जागेवर परत आणायला हवं. माझा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो : 'तुम्ही आत्ता कुठे बसलाय आणि तिथे काय ऐकू येतंय?' माणूस थांबतो, ऐकतो, मग सांगतो. मागे कुकर आहे, सून कोणाशी तरी बोलतेय, बाहेर रिक्षा उभी आहे. त्या थांबण्यानंतर त्याचा खरा आवाज लागतो.

दुसरं म्हणजे हातात काहीतरी द्या. सुतारकाकांना रंधा हातात घेऊन बोलायला सांगा. मावशींना नारळ खवताना बोलायला सांगा, विळी वाजू दे. हात कामात असले की जीभ सैल होते. संबोधनही सांभाळा. डिचोलीतल्या साठीच्या बाईंना 'मॅडम' म्हटलंत तर त्या पदर सावरून बसतील, 'काकी' म्हटलंत तर चहा विचारतील.

तांत्रिक बाजू : कॉलचा आवाज कधीही अंतिम म्हणून वापरू नका. पाहुण्याला दुसऱ्या फोनवर, नसेल तर घरातल्या कोणाच्या तरी फोनवर, स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून पाठवायला सांगा. सुरुवातीला दोघांनी एकदा टाळी वाजवा म्हणजे दोन्ही फाइली जुळवता येतात. मुलाखत संपल्यावर रेकॉर्डिंग मिनिटभर चालू राहू द्या. 'झालं का? हे मी बोललोच नाही बघा...' हे वाक्य नेहमी तिथेच येतं. वापरण्याआधी त्यांची परवानगी मात्र विचारा.

रोज एक स्क्रिप्ट द्यावी लागते. काहीच सुचत नाही त्या दिवशी?

तोंडाने लिहा. फोनवर स्वतःशी तीन मिनिटं बोला, मग ऐका, त्यातली जिवंत दोन वाक्यं घ्या. कागदावर सुरू केलेली लिंक 'आजच्या धकाधकीच्या जीवनात' अशी सुरू होते. तोंडाने सुरू केलेली 'काल काय झालं माहितीय' अशी. माझ्या वेगाने मिनिटाला १०० ते १२५ शब्द जातात. म्हणजे दीड मिनिटाच्या लिंकला एकच गोष्ट पुरते. दोन कोंबल्या की दोन्ही जातात.

आणि स्वयंपाकघरातली परीक्षा घ्या. ती मला सगळ्यांत उपयोगी पडली आहे. स्क्रिप्ट कच्ची रेकॉर्ड करा आणि घरात कोणी भाजी चिरत असताना, कपडे घड्या करत असताना छोट्या स्पीकरवर लावा. काही सांगू नका, मत विचारू नका. फक्त सुरीचा आवाज ऐका. आमच्या वहिनी भेंडी चिरत असतात तेव्हा सुरी एका लयीत चालते. ज्या वाक्याला ती थांबते ते वाक्य ठेवायचं. ज्या परिच्छेदात त्या नळ सोडतात तो काढायचा. रेडिओचा श्रोता असाच असतो, हात कामात आणि कान अर्धा आपल्याकडे. स्टुडिओत काचेआड बसून ही परीक्षा घेता यायची नाही. घरून काम करण्याचा हा फायदा आहे, तो सोडू नका.

घरात रेकॉर्डिंगसाठी काय तयारी लागते?

फार नाही. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून बसा. गोव्याच्या जुन्या घरांत छत उंच आणि लादी गुळगुळीत असते, तिथे पाठीमागे गादी उभी करा, पायाखाली चादर टाका. माइक तोंडापासून वीतभर, किंचित बाजूला. पंखा बंद, फ्रिज बंद, आणि फ्रिज परत चालू करायची आठवण म्हणून गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा. इन्व्हर्टरवर असताना घरघर येते का ते हेडफोन लावून तपासा.

बाहेरचे आवाज फोनवर घेतले तर चालतात?

चालतात. रेकॉर्डिंगचं ॲप वेव्ह (WAV) फाइलवर लावा, फोन विमान मोडवर ठेवा, वाऱ्याकडे पाठ करा. प्रत्येक जागेचा कोणी न बोलतानाचा मिनिटभर आवाज घ्या. संकलनात दोन वाक्यं जोडताना तोच वाचवतो. फोन हातात घट्ट धरू नका, बोटांची सळसळ येते. भिंतीवर, दगडावर ठेवा.

जुनी मराठी गाणी कार्यक्रमात वापरता येतात का?

स्टेशनवर वाजवत असाल तर परवाने स्टेशनचे असतात, त्यांना विचारा. स्वतःच्या पॉडकास्टसाठी परवानगी तुम्हीच मिळवायची. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं असतो, आणि गीतकार-संगीतकारांचा त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणजे रेकॉर्ड जुनी असली तरी गीत मोकळं झालेलं असेलच असं नाही. मी तर म्हणेन गाण्याच्या जागी माणूस घ्या. आजी दळताना गुणगुणते ती ओवी तिला विचारून रेकॉर्ड केलीत तर ती फक्त तुमच्याच कार्यक्रमात असेल.

एकटं वाटतं. चर्चा करायला कोणी नाही.

आठवड्यातला एक ठरलेला फोन ठेवा, दुसऱ्या रेडिओवाल्याला. फोनवर काम बोलायचं नाही. दोघांनी त्या आठवड्यात ऐकलेला एकेक आवाज एकमेकांना ऐकवायचा आणि तो कशाचा असेल ते ओळखायचं. माझ्या मैत्रिणीने वर्ध्याहून पाठवलेला एक आवाज मला शेवटपर्यंत ओळखता आला नाही. तो सरकी काढणाऱ्या यंत्राचा होता. त्यातून दोघींचा एक कार्यक्रम झाला.

शिवाय घराबाहेर पडा. गावातल्या देवळाच्या उत्सवी नाटकाच्या तालमीला जाऊन बसा. फोंड्यापासून पेडण्यापर्यंत गावोगावी अशी नाटकं बसतात. त्यांत शिक्षक, दुकानदार, बसचालक असतात. प्रॉम्प्टिंग करायला कोणी हवंच असतं, ते काम मागून घ्या. आडोशाला बसून शब्द पुरवताना माणूस कुठे श्वास घेतो, कुठे घाबरतो, कुठल्या वाक्याला प्रेक्षकांतून खोकला येतो, हे सगळं शिकायला मिळतं. संहिता लिहिणाऱ्याला याहून चांगली शाळा नाही.

मी अजून कुठल्याच स्टेशनसाठी काम करत नाही. सुरुवात कुठून करू?

आकाशवाणी नैमित्तिक निवेदकांची निवड लेखी परीक्षा आणि आवाजाची चाचणी घेऊन करते. पणजीचं केंद्र अल्तिनोवर आहे, त्यांच्या सूचनांवर लक्ष ठेवा. तोवर तीन मिनिटांचा एक तुकडा करा, स्वतःच्या वाड्याबद्दल. एक माणूस, एक काम, एक जागा. पार्श्वसंगीत घालू नका. निर्मात्याला आवाज आणि कान दोन्ही ऐकू यायला हवेत, संगीत दोन्ही झाकतं. फाइलच्या नावात जागा, तारीख आणि वेळ लिहा. 'नवीन रेकॉर्डिंग ४७' या नावाखाली काय होतं ते पुढच्या पावसाळ्यात कोणालाच आठवत नाही.